एवढी एकच फेरी

"ताई, काहीही कर, पण संध्याकाळच्या विमानाला कॅप्टन दे," असं म्हणत भोंगासाहेबांनी केकचा तुकडा तिच्या टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. त्यांचा आवाज तीन खोल्या ओलांडून जायचा, म्हणून हे नाव.

केक नव्या विमानाचा होता. कंपनीत नवं विमान आलं की केक कापायची पद्धत, आणि हल्ली विमानं इतकी येत होती की ऑफिसात केककडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. विमानं पैसे मोजले की येतात. ती चालवणारी माणसं कुठून आणायची, ही डोकेदुखी मात्र ड्युट्या लावणाऱ्या या खोलीवर ढकललेली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण वरच्या मजल्यापर्यंत पोचलीच नसावी.

ताई या कामात मुरलेली होती. नियम साधा होता: वैमानिकाने "मी थकलोय" म्हटलं की पुढे चकार शब्द काढायचा नाही, त्याचं नाव वगळायचं. म्हणून ती कुणाला त्या वाक्यापर्यंत पोचूच द्यायची नाही. आधी मुलांची चौकशी, मग बायकोची कंबरदुखी, मग हळूच, "एवढी एकच फेरी." सुरुवातीला तिला याची लाज वाटायची. पण रोज मरे त्याला कोण रडे.

आज मात्र तिचंच घोडं अडलं होतं. त्या विमानाने तिची आई येणार होती. आईचा एक डोळा गेलेलाच, दुसऱ्याचं ऑपरेशन उद्या सकाळी. मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळता मिळता अर्धं वर्ष गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायचं म्हणून आई सकाळपासूनच विमानतळावर जाऊन बसली होती.

आईच्या गावात एकच कॅप्टन मोकळा होता, तोही रात्रभर उडून, रखडत दुपारी हॉटेलात पोचून नुकताच आडवा झालेला. वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणायचे. ऑफिसच्या फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होई, म्हणून ताईने स्वतःचा मोबाइल उचलला.

"काका, झोपमोड केली ना? धाकटी काय म्हणते?"

"ताई, आत्ताच पाठ टेकली होती गं. आज मला सोड. मी खरंच थ..."

"काका, माझी आई आहे संध्याकाळच्या विमानात." तिच्या तोंडून निघूनच गेलं. "उद्या तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

पलीकडे चादर सरकल्याचा आवाज आला.

"तुझी आई म्हणजे माझी मोठी बहीणच की," काका म्हणाले. "येतो. गाडी पाठव. कुठे जायचंय म्हणालीस?"

"इकडे काका, आपल्याकडेच."

"हां हां." एक लांबलचक जांभई. "आईंना पुढची जागा दे. मी भेटतो त्यांना. आणि ताई, जायचं कुठे आहे?"

तिने पुन्हा सांगितलं. ते "बरं बरं" म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

ताईने त्यांचं नाव भरलं. पडद्यावरची लाल ओळ हिरवी झाली. भोंगासाहेब धावत आले. "ताई म्हणजे वाघीण!" ते गरजले, आणि केकचा आणखी एक तुकडा ठेवून गेले. तिने केक बाजूला सरकवला. तिला फार दमल्यासारखं वाटत होतं. मग ती मोबाइल घेऊन बाहेर जिन्यात आली.

"आई, कुठे आहेस?"

"आत, खुर्चीत. अगं, इथल्या मुलीने धरून आणून बसवलं. फार गोड आहे."

"आई, बाहेर ये. तिलाच सांग, स्टँडवर जायला रिक्षा करून दे म्हणावं. तू बसने ये."

"बसने? उद्याची दुपार होईल! आणि ऑपरेशन?"

"पुढची तारीख घेऊ."

"अगं, पण झालं काय? विमान रद्द झालं का?"

"नाही," ताई म्हणाली. "विमान वेळेवर सुटतंय. कॅप्टन मिळाला."