सासूचं दुखणं

ऋजुताने सासूबाईंच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"आई, रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही ओट्याकडे फिरकायचं नाही."

"अगं, दोन पोळ्या लाटल्याने काय होतंय मला?" मंदाकिनीबाई म्हणाल्या; पण लाटणं गेलं ते गेलंच. त्याआधी विळी गेली होती, पाण्याची बादली गेली होती. एवढे लाड त्यांचे लग्नाच्या मांडवातही झाले नव्हते. धुणं मात्र त्यांनी सोडलं नाही. घरात मशीन असूनही रोज सकाळी बाथरूमचं दार लावून त्या काही कपडे हाताने घासत बसायच्या. डाग असणार, हे ऋजुताने ओळखलं. तिने विचारलं नाही.

तिला कळलं तेही अपघातानेच. मंदाकिनीबाईंचा फोन वाजत होता, म्हणून तिने उचलला. डोंबिवलीच्या एका हॉस्पिटलातून कुणी मुलगी मॅमोग्राफीची वेळ सांगत होती.

"मॅमोग्राफी? आई, तुम्हाला काही झालंय का?"

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आनंदरावांनी पेपर आणखी वर धरला.

"हो गं," त्या म्हणाल्या. "गाठ आहे. मलाच."

"कुणाला सांगू नकोस," पेपराआडून आवाज आला. "चारचौघांत चर्चा नको."

ऋजुताचं डोकंच फिरलं. नौपाड्यात पावलापावलावर दवाखाने आहेत. पण मल्लखांबाचे सर म्हणून अर्धा नौपाडा आनंदरावांना ओळखायचा. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून यांनी डोंबिवली गाठली होती. बायको काळजीने अर्धी झाली आणि या माणसाला लोकांची पडलीये! तिचा नवरा सलिल कामासाठी जर्मनीत होता, त्याला तिने रात्री फोनवर हे सगळं सांगितलं. "बाबांचं असंच असतं," एवढंच तो म्हणाला.

नवरात्र बसलं. दर वर्षी आनंदराव पीतांबर नेसून, उघड्या अंगाने घटाला माळ घालायचे. सत्तरीतही छाती अशी, की पाहुण्यांनी बघत राहावं. आणि पाहुणे बघतायत हे त्यांनाही बरोबर ठाऊक असायचं. यंदा ते चक्क सदरा घालून बसले.

"बाबा, आज सोवळं नाही?"

"सर्दी झालीये."

देवाचंही आता मनापासून करायला नको, असं ऋजुता मनातल्या मनात म्हणाली.

गोष्ट थोडीच लपून राहते. तिनेच ती शेजारच्या शकूताईंना सांगितली. ही बिल्डिंग शकूताईंच्या सासऱ्यांच्या जमिनीवर उभी राहिलेली, त्यामुळे इथल्या प्रत्येक घराची काळजी आपणच करायची असते असं त्या धरून चालायच्या. त्या मंदाकिनीबाईंना ओटी भरायला टेंभी नाक्याच्या देवीला घेऊन गेल्या.

ओटी ठेवून मंदाकिनीबाईंनी हात जोडले.

"मलाच ने गं," त्या पुटपुटल्या. "मलाच ने."

शकूताईंनी दंडाला धरून त्यांना बाजूला घेतलं. "असा बोलू नको गो. रडतंस कनाला? अजून रिपोट तरी आलाय का?"

"आमच्या सासूबाई यानेच गेल्या, शकूताई. मी केलंय त्यांचं सगळं. पुढे काय होतं ते मी पाहिलंय."

"अगो, ती तुजी सासू, आयस नाय! सासूचा दुखना तुजे रगतान कसा येल?"

शकूताईंना वाटलं, आता तरी बाई हसेल. मंदाकिनीबाई तिथेच एका पायरीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ना, तसलाच प्रकार, असं म्हणून शकूताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

शुक्रवारी हॉस्पिटलातून फोन आला. रिपोर्ट तयार आहे, येताना घरातल्या कुणा तरुण माणसाला सोबत आणा. याचा अर्थ काय, ते कुणाला सांगावं लागलं नाही. जेवणाची पानं तशीच उचलली गेली.

"ऋजुता नको," आनंदराव म्हणाले.

"येऊ दे तिला. आता लपवून काय मिळणार आहे?" मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

हॉस्पिटलातल्या त्या मजल्यावर सगळ्या बायकाच होत्या. एकीने आनंदरावांकडे पाहून पदर सारखा केला. ते मान खाली घालून भिंतीकडे वळून बसले. त्यांची ती वाकलेली पाठ पाहून ऋजुताला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

सिस्टरने तिघांना आत घेतलं. डॉक्टरांनी उगाच प्रस्तावना केली नाही.

"भीती होती तेच निघालं. काखेत पसरलंय, फुप्फुसातही दिसतंय." ते टेबलाकडे बघत बोलत होते. "खूप उशीर झालाय. का झाला, ते आता विचारत नाही."

ऋजुताने सासूबाईंचा हात धरला.

"घरात आधी कुणाला हा कॅन्सर झाला होता?"

"माझ्या सासूबाईंना," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

आता डॉक्टरही शकूताईंसारखंच सांगतील, सासूचं काही धरायचं नसतं म्हणून, असं ऋजुताला वाटलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते तिच्याकडे वळले.

"तुम्ही सून ना? मिस्टरांचं वय काय तुमच्या?"

"एक्केचाळीस. का?"

कोपऱ्यातल्या सिस्टरने पडदा सरकवला.

"या आजोबा, शर्ट काढून इथे झोपा. छातीचं ड्रेसिंग बदलते."