पंखावरचे खड्डे

छोट्या विमानाच्या पंखावर ओल्या पांढऱ्या रंगात खड्डे पडले होते. फायबरच्या अंगाला तेलाचा नुसता हात लागला, तरी रंग तिथे धरत नाही.

“डोक्याला तेल थापून येतेस, मग हे असं होतं,” रंगकाम बघणाऱ्या वत्सलाताई मदतनीस कुंदाला हळूच म्हणाल्या. पण कारखान्याच्या साहेबांनी ऐकलं. “कुंदा, उद्यापासून येऊ नकोस.”

“ताई, मी टोपी काढलीच नव्हती हो!” कुंदा रडत डबा आवरू लागली.

खड्डे जवळून बघताना ताईंना त्यात पाच बोटं दिसली, आणि तळवा. सकाळी समईची वात सारलेले हात त्यांनी पदरालाच पुसले होते. मग रंगाआधी, रोजच्यासारखा, पंखाला हात लावून नमस्कार केला होता.

“साहेब, ते तेल माझ्या हाताचं होतं.”

साहेब हसले. “आज उपास ना तुमचा? दुसऱ्याचं पाप कशाला अंगावर घेता? बरं, तुमच्या शब्दाखातर ठेवतो तिला.”

“खरंच माझाच हात होता,” ताई म्हणाल्या, तोवर साहेब निघूनही गेले होते.

कुंदा धावत येऊन त्यांच्या पायांवर वाकली. ताईंनी पाय मागे घेतले, तर ती आणखी पुढे सरकली.