जंताची गाठ

पर्वतीखाली श्रीमंत पेशव्यांच्या शिकारखान्यात, म्हणजे पाळलेल्या रानजनावरांच्या बागेत, मेलेल्या प्रत्येक जनावराच्या आतड्यातले जंत मी वहीत लिहितो. त्यासाठी पन्नाशीत अक्षरं शिकलो. वहीत एक शब्द खोटा नाही, याचा मला अभिमान आहे.

यंदा सांबर, तरस, चित्ता, सगळ्यांच्या जंतांना एकच गाठ होती. जनावरं बांधताना मी मारतो, तीच ही गाठ. पुण्यात दुसऱ्या कुणाला येत नाही.

"अहो मच्छिंद्रराव, जंतही आपणच बांधता वाटतं?" शिकारखान्याचे दारोगा वही वाचून हसले. "वही खोटी निघाली, तर उद्यापासून येऊ नका."

रानातून नुकतंच मारून आणलेलं काळवीट मी त्यांच्यासमोर चिरलं. आत एकच लांब जंत निघाला, जिवंत आणि सरळ.

आमच्या देखत त्यानं वेढा घेतला, टोक आत घातलं आणि शेवटचा पीळ डावीकडून दिला, माझ्यासारखाच.

वही खरी ठरली. दारोगा माझ्या हातांकडे बघत होते.