न घेतलेले नाव

"बाबाजी."

हाक स्वयंपाकघरातून आली. अंगणात पाववाल्या पोदेराकडून सकाळचे उंडे पाव घेत उभे असलेले बाबाजी जागीच थबकले. आवाज बायकोचा होता, आणि एकेचाळीस वर्षांच्या संसारात चंद्रावतीने नवऱ्याचे नाव कधी घेतले नव्हते. 'अहो' म्हणे, 'साईशचे बाबा' म्हणे. पेडण्याला एखाद्या कचेरीत कारकुनाने नवऱ्याचे नाव विचारले, की बरोबरच्या शेजारणीला कोपराने ढोसून तिच्याकडून ते वदवून घेई. लग्नात उखाणा घेतानाही तो एक शब्द तिने इतका हळू उच्चारला होता, की खांद्याला खांदा लावून बसलेल्या त्यांनाही तो ऐकू गेला नव्हता. आपले नाव तिच्या आवाजात कसे वाजते, हे त्यांना आज प्रथमच कळत होते.

क्षणभर त्यांना गोड वाटले. उतारवयात कुणीतरी अकस्मात गालावर हात ठेवावा, तसे. मग शंका आली, आजच तिने नाव का घेतले?

ते आत गेले. चंद्रावती आदोळीवर बसून नारळ खवत होती. पात्यावर वाटी फिरत होती, ताटलीत पांढराशुभ्र कीस पडत होता. शेगडीपाशी त्यांची सून सुविधा तोंडावर पदर धरून हसत होती.

"बाबा, ऐकलात? आईन तोंडभर नाव घेतल्यान. कोविडान जाताना लाज पण नेल्यान वाटता."

कोविड जाऊन आठ दिवस झाले होते. फार काही झाले नव्हते. चार दिवस ताप, थोडा खोकला, मागच्या खोलीत एकटीचे जेवणाचे ताट. घरात पुन्हा सगळे रुळले होते.

"काय गो?" बाबाजींनी विचारले.

चंद्रावतीने वर पाहिले. चेहरा सरळ होता, हात नेहमीसारखा चालत होता. डोळ्यांत मात्र एक गोंधळ होता. ओळखीच्या घरात दिवे गेल्यावर माणूस भिंत चाचपडतो, तसा. तिने पाण्याच्या कळशीकडे बोट दाखवले.

"बाबाजी," ती म्हणाली. पाणी मिळेना, तसे पुन्हा, जरा चिडून, "बाबाजी."

सुविधाचे हसू ओसरले नव्हते. बाबाजींनी उंडे तिच्या हातात दिले.

"साईशाक सांग, गाडी काढ म्हणान. हिका इस्पितळात व्हरूक व्हया."

"नाव घेतल्यान म्हणून कोण इस्पितळात नेता, बाबा? लोक हसतले."

"हसांदेत. शुद्धीत आसताना हिच्या तोंडात ह्या नाव येवचा नाय."

मोठ्या इस्पितळात क्षमा नावाच्या तरुण डॉक्टरने घाईघाईने विचारले, "काय होतंय यांना?" बाबाजी सांगायला लाजले, आणि लाजतच म्हणाले, "माझा नाव घेतल्यान." ती हसली नाही. तिने चंद्रावतीला पेन दाखवले. चंद्रावती म्हणाली, "बाबाजी." घड्याळ दाखवले. "बाबाजी."

"अलीकडे कोविड झाला होता?"

"आठ दिवस झाले, बरी होवन."

डॉक्टर स्ट्रेचरबरोबर चालता चालता बोलत होती. कोविडमध्ये रक्तात गुठळ्या होण्याची भीती असते. ताप उतरला, तरी ती भीती काही आठवडे मागे रेंगाळते. अशी एक गुठळी मेंदूच्या शिरेत, वाचेच्या जागी, अडकली असावी. "पण वेळेत आणलंत. थोडा उशीर झाला असता, तर गुठळी विरघळवण्याचं औषध देता आलं नसतं."

स्कॅन झाला, औषध शिरेतून गेले. शब्द आले नाहीत. दोन दिवस चंद्रावतीजवळ तो एकच शब्द होता. तहान लागली तरी तोच, सुई टोचली तरी तोच. पहाटे खिडकीशी उजाडू लागले, तेव्हा त्या उजेडालाही तिने तोच शब्द दिला. बाबाजी खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले. एकेचाळीस वर्षे जे कानांना मिळाले नव्हते, ते आता मोजता येणार नाही इतके मिळत होते, आणि प्रत्येक वेळी ते त्यांना नकोसे होत होते. हाका मारणारी ही बाई कुणीतरी दुसरीच होती. त्या नावापाशी अडणारी, त्याला वळसा घालून आयुष्यभर त्यांच्याशी बोललेली ती कुठे गेली होती, हे कुणालाच सांगता येत नव्हते. डॉक्टरने मात्र आशा सोडू नका म्हटले होते, आणि काही जणांचे शब्द परत येत नाहीत, हेही लपवले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पुन्हा आली. तिने पेन उचलून धरले. चंद्रावती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"पेन," ती म्हणाली.

बाबाजींनी स्टुलाची कड घट्ट पकडली.

चमचा दाखवला. "चमचो." पेला दाखवला. "पाणी," ती म्हणाली, आणि डॉक्टरने तेही बरोबर धरले. मग तिने बाबाजींकडे बोट केले. "आणि हे कोण?"

"आमचे," चंद्रावती म्हणाली.

"छान. नाव काय यांचं?"

 चंद्रावतीने डॉक्टरकडे पाहिले, दाराकडे पाहिले, बाबाजींकडे पाहिलेच नाही. तिचा उजवा हात खांद्यापाशी गेला. इस्पितळाच्या झग्याला पदर नव्हता. मग तिने पांघरुणाची कडा ओढून डोक्यावर घेतली आणि तोंड भिंतीकडे वळवले.

"आठवून बघा, आजी. काल किती वेळा घेतलंत. घ्या बघू पुन्हा एकदा."

चंद्रावतीने पांघरूण आणखी घट्ट ओढून घेतले.  डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत हळूच म्हणाली, "बाकीचे शब्द येतायत, आजोबा. पण तुमचं नाव गेलेलं दिसतं."

बाबाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ओठांवर हसू होते.

"नाव जावंदे, डॉक्टरबाय," ते म्हणाले. "ती परत इली."