सहाच्या आत

खालच्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मीअक्का नवऱ्याचा जुना लॅपटॉप पदराखाली लपवून आल्या. त्यांना घाम फुटला होता.

"चंदन, स्वल्प लवकर बघ रे. आयुधपूजेला मी ओल्या फडक्याने पुसला, तेव्हापासून चालूच होत नाही. सहाला हे बसवनगुडीहून येतील."

मी व्हिडिओ बघून शिकलेला, तरी स्क्रू काढायला घेतले. उघडला तर आत पाणी नव्हतंच, नुसती रॅम सैल झाली होती. खोडरबराने घासून बसवली आणि स्क्रीन उजळली.

"झाला, अक्का! तुमच्यामुळे नव्हता बिघडला."

"नक्की?"

"शंभर टक्के."

त्या तेव्हा कुठे खाली बसल्या.

"सरी, ठीक आहे. मला तेवढंच कळायला हवं होतं. आता परत बिघडवून दे. तो बंद पडलाय हे यांना माहीत आहे. चालू दिसला तर हे विचारतील, कुणाकडे गेली होतीस."