बाबांचा चांगला फोटो

"कपडे कोणते होते अंगात?" पोलिसाने पुन्हा विचारलं.

त्याला सांगता येईना. सकाळी बाबा दाराशी येऊन म्हणाले होते, "जरा पाय मोकळे करून येऊ का?" आणि त्याने स्क्रीनवरची नजर न काढता "हं" म्हटलं होतं. एका लग्नाचा अल्बम आजच द्यायचा होता. बाबांना एकटं बाहेर सोडायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं आणि घरात सगळ्यांना पाठ होतं. नेमकं आज ते पाठांतर कामाला आलं नाही. आता दुपार कलली होती आणि बाबांचा पत्ता नव्हता.

"पांढरा सदरा असेल. बहुतेक."

"बहुतेक?" पोलिसाने मान वर केली. "बरं, फोटो तरी आहे ना?"

फोटो होता. फोटोच्या बाबतीत त्याला कुणी नाव ठेवू शकलं नसतं, कारण तोच त्याचा धंदा. गेल्याच आठवड्यात काढलेला, खिडकीच्या उजेडातला, बाबा सरळ कॅमेऱ्यात बघतायत असा. त्याने तो पोलिसाला पाठवला, ताईला पाठवला, गल्लीच्या ग्रुपवर टाकला. ताईचा लगेच फोन आला. "किती छान दिसतात रे बाबा यात," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

खरं तर तो फोटो कामासाठी काढलेला. चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या काढायला त्याला नवं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. जुन्यावर एकेका नवरीच्या मावशीला तासतास लागायचा. नवं पारखून घ्यायचं तर चेहरा अवघड हवा, आणि बाबांच्या चेहऱ्याइतका अवघड चेहरा घरात दुसरा नव्हता. बाबा खुशीने बसले. मुलगा आपल्याकडे एवढा वेळ बघतोय, याचंच त्यांना अप्रूप. मग तीन-चार दिवस तो तोच एक चेहरा निरनिराळ्या प्लगइनमधून काढत राहिला. एकाने बाबांची पार बाहुली केली. दुसऱ्याने सुरकुत्यांबरोबर भुवयाही पुसून टाकल्या. तिसरं मात्र गुणी निघालं. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या, बसलेले गाल वर आले, गळ्याची लोंबती कातडी आवळली गेली, आणि तरी कुठे हात फिरवल्याची खूण म्हणून नाही. त्याने तेच विकत घेतलं.

त्या दिवशी बाबा मागे येऊन उभे राहिले होते. चष्मा पुसून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं.

"हे कोण?"

"बाबा, तुम्हीच."

"मी?" ते बराच वेळ बघत राहिले. मग परक्या माणसाबद्दल बोलावं तशा अदबीने म्हणाले, "असेल. गृहस्थ चांगले वाटतात."

दुखणं इथवर आलं होतं तर. बाबांना आता स्वतःचा चेहराही ओळखू येत नव्हता. रात्री त्याने हे बायकोला सांगितलं.

चौकीतून निघाला तो दुकान-दुकान विचारत सुटला. बायको बसस्थानकाकडे गेली होती. औषधवाल्याने फोटो पाहून विचारलं, "थोरले भाऊ का तुमचे?"

"वडील आहेत."

"वाटत नाहीत हो."

त्याही अवस्थेत त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची शरम वाटली. शिंप्याने पाहिलं, न्हाव्याने पाहिलं, झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईने चष्मा लावून पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. एवढ्या सगळ्यात एकच आधार होता, की फोटो चांगला आहे. बाबा कुणाच्या नजरेला पडलेच असते, तर ओळखायला चूक झाली नसती.

उन्हं उतरायला लागली. बाबांना अंधाराची भीती वाटायची. दिवेलागण झाली की ते घरातसुद्धा दारांच्या कड्या तपासत फिरायचे आणि सगळे आले का, सगळे आले का, म्हणून विचारत राहायचे. त्याचा जीव आता थाऱ्यावर नव्हता.

रस्ता संपतो तिथे दवाखान्याच्या भिंतीला टेकून एक चावीवाला बसला होता. त्याने हातातली कानस खाली ठेवली, बोटं विजारीला पुसली आणि फोन घेतला. बाकीच्यांसारखा उगीच एक नजर टाकून त्याने तो परत केला नाही. उन्हाकडे पाठ करून, सावली धरून, नीट पाहिला.

"नाही, साहेब. मी सकाळपासून हललेलो नाही. हे इथून गेले असते, तर मला दिसले असते."

त्याने फोन खिशात घातला. पुढे कुठे जायचं, ते सुचेना.

"मिळतील हो," चावीवाला म्हणाला. "आणि हे बघा, तुम्ही इतक्यांना विचारताच आहात, तर आणखी एकांचंही विचारा. त्यांचंही कुणी शोधत असेल. कोपऱ्याच्या पलीकडे बाकावर एक आजोबा बसलेत, सकाळपासून. घर कुठं ते सांगता येत नाही त्यांना. मुलगा कामात आहे, काम झालं की येईल न्यायला, एवढंच म्हणतात. मी पाणी दिलंय."

तो वळलाच होता. चावीवाल्याने मागून समजुतीने सांगितलं, "तुम्ही धावू नका, साहेब. ते हे नव्हेत. ते फार म्हातारे आहेत."