छापण्यासारखं काही

माझी बायको एकतीस वर्षं वार्ताहर होती. ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, अशा माणसांवर ती दर रविवारी लिहायची. इस्पितळातल्या चादरी धुणारी बाई, मनोऱ्यावरच्या घड्याळाला रोज चावी देणारा म्हातारा, लिफ्टमन... कुणाला म्हणून सोडलं नाही तिनं.

मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो. रविवारचा पेपर वाचून झाला की मी हमखास टोमणा मारायचो, "अगं, गावभर फिरतेस, घरातला माणूस तेवढा दिसत नाही तुला."

चष्म्यावरून माझ्याकडे बघत ती म्हणायची, "तुमच्यात काय आहे हो छापण्यासारखं?"

मी हसण्यावारी न्यायचो, पण ते लागायचं. खोटं कशाला सांगू.

ती गेल्यावर महिन्याभराने तिच्या कचेरीतून एक खोकं घरी आलं. त्याच्या तळाशी तिचा एक जुना लेख सापडला, कधीच न छापलेला. बायकोला यायला कितीही उशीर झाला तरी दोघांची ताटं झाकून उपाशी बसून राहणाऱ्या, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका नवऱ्यावरचा. कोपऱ्यात संपादकांनी लाल शाईने शेरा मारला होता, "ही व्यक्ती काल्पनिक वाटते. इतका चांगला नवरा असतो का कुठे?"

 

त्याखाली पेन्सिलीने तिच्या अक्षरात लिहिलं होतं, "असतो. थांबा, त्याचं घोरणं घालून पुन्हा पाठवते."